‘ड’चं पान

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी जीभ बाहेर होती.

कळमनुरीच्या शाळेत मी रुजू झालो तो दिवस. हेडमास्तरांनी मला शिक्षकांच्या खोलीत नेलं, हे मराठीचे नवे मास्तर असं सांगितलं, आणि मी नमस्काराला हात जोडतो न जोडतो तोच खिडकीजवळ बसलेले एक उंच गृहस्थ उठून माझ्यासमोर आले. नमस्काराकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"जीभ दावा," ते म्हणाले.

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते हजेरीपटात डोकं घालून बसले होते. मी जीभ दाखवली.

"पांढरी हाय. भाजी खात न्हाई तुमी."

"खातो की."

"वांगं. वांग्याला मी भाजी म्हनत न्हाई."

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. पुढे आम्ही एकाच गल्लीत राहिलो, रोज एका रस्त्यानं शाळेत गेलो, पण माझं पूर्ण नाव त्यांनी कधी विचारलं नाही. ते विसरून जाण्यासारखं होतं. माझी जीभ मात्र त्यांच्या पक्की लक्षात होती.

शाळेत ते भूगोल शिकवत आणि आरोग्याचा विषय घेत. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, शाळेतलं बहुतेक सगळं उर्दूतून चाले. त्या विषयालाही एक भारदस्त उर्दू नाव होतं, पण मुलं त्याला जिभेचा तास म्हणत. दर सोमवारी वर्गापुढे रांग लागे. मास्तर एकेकाची जीभ, ओठांचे कोपरे, डोळ्यांच्या आतली कड पाहत आणि वहीत लिहीत. एकदा तपासणीला आलेले साहेब रांगेच्या टोकाला नुसतेच उभे राहिले, तर मास्तरांनी त्यांचीही जीभ पाहिली. साहेबांनी निमूट दाखवली. जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की भूगोलाकडे अधिक लक्ष द्यावे.

जिभेचा नाद त्यांना आधीपासूनच होता. जीवनसत्त्वांचा लागला तो गुळामुळे.

युरोपातली लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानातून गूळ आणला. तो वऱ्हाडातून रद्दीत आलेल्या कुठल्याशा मराठी मासिकाच्या पानांत बांधलेला होता. गूळ डब्यात टाकताना मास्तरांची नजर कागदावर गेली आणि तिथंच खिळली. माणसाच्या अन्नात अशी काही सत्त्वं असतात की ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण ती नसली तर पोटभर जेवणारा माणूसही आतून पोकळ होतो, असा त्या लेखाचा विषय होता. मास्तरांनी पानं धुतली, दगडाखाली दाबून सरळ केली आणि रात्रभर वाचली. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते डोळे लाल करून.

"मी वीस वर्षं जीभ पाहून राहिलो," ते मला म्हणाले, "पन कशासाठी पाहून राहिलो ते आज समजलं."

लेखात सत्त्वांना अ, ब, क अशी नावं होती. ‘अ’ डोळ्यांचं, ते गडद पाल्यात, पिवळ्या फळांत आणि लोण्यातुपात. तेला-तुपाशिवाय ते अंगी लागत नाही. ‘ब’ कोंड्यात. त्यातल्या दोन ओळी गुळासकट मुंग्यांनी नेल्या होत्या. ‘क’ लिंबात आणि आवळ्यात. पाला उन्हात वाळवला की त्यातलं बरंचसं सत्त्व उडून जातं, असंही एका ठिकाणी होतं. आणि शेवटी ‘ड’. ‘ड’ नसेल तर हाडं मऊ पडतात, दुखतात, वाकतात. ‘ते आपल्याला मुख्यतः मिळतं ते...’ इथं पान संपलं होतं.

पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीला गेलं होतं.

मास्तर दुकानात जाऊन बसले. दुकानदाराला आठवून आठवून त्या दुपारची गिऱ्हाइकं सांगायला लावली. सात घरं निघाली. मास्तर सातही घरी गेले. एका ठिकाणी कागदाची तंबाखूची पुडी झाली होती, ती बैलबाजाराला गेलेल्या माणसाच्या खिशात होती. मास्तर तो माणूस परत येईपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहिले. पुडी निघाली, पण तिच्यावर विणकामाचा नमुना होता. सातवं घर आमचं.

मी दारातच उभा होतो. आई आत काहीतरी निवडत बसली होती.

"आक्का," मास्तर उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "परवा खोबरं आनलं त्याचा कागद हाय का?"

"कागद? काहून?"

"त्याच्यावर हाडाचं लिवलंय."

आईनं निवडणं थांबवलं. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नसे.

"चुलीत गेला," ती म्हणाली.

मास्तरांनी उंबऱ्यावरून चुलीकडे मान लांबवली. मग म्हणाले, "राख कुठं टाकता?" पण तेवढ्यात त्यांचं त्यांनाच समजलं असावं, कारण उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

तेव्हापासून त्यांचं आयुष्य ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि शोधात असलेला ‘ड’ असं चाललं. ‘ड’ हाडांचं आहे म्हणजे ते पांढऱ्या वस्तूत असणार, असा त्यांनी तर्क बांधला. एक वर्ष मुळा खाल्ला. एक वर्ष कोहळा. मग पानाला लावतात तो चुना बोटभर चाटायला सुरुवात केली. आठ दिवसांनी तोंड इतकं सोललं की त्यांना फळ्यावर लिहूनच शिकवावं लागलं. मुलांना तो आठवडा आवडला.

याच वर्षांत त्यांनी छत्री घेतली. उन्हात पाला वाळला की सत्त्व उडतं हे त्यांनी वाचलं होतं. पाल्याचं उडतं तर माणसाचं काय राहणार, असं त्यांचं म्हणणं. गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, डोक्याला कानांवरून बांधलेला रुमाल आणि वर काळी छत्री, असे ते बारा महिने फिरत. पावसाळ्यात तेवढे चार महिने ते शहाणे दिसत. घराच्या अंगणात त्यांनी शेवगा लावला होता आणि झाडाखालची सावली सोडून ते दिवसा कुठं बसत नसत. गल्लीतली माणसं म्हणत, दारात शेवगा लावू नये, अशुभ असतो. मास्तर म्हणत, "पाला खाऊन पाहा, मग बोला." कुणी खात नसे. पाला खाणं हे गरिबाचं लक्षण समजत. तरोटा, घोळ, पाथरी अशा रानातल्या भाज्या खाणाऱ्या मजुरांच्या मुलांच्या जिभा मास्तरांच्या वहीत चांगल्या होत्या आणि तूर-तांदूळ खाणाऱ्यांच्या पांढऱ्या. मास्तरांनी हे एकदा पाटलांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. तिथं पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही.

लिंबाचं प्रकरण याच्या नंतरचं.

‘अ’ कमी पडलं की माणसाला दिवेलागणीला दिसेनासं होतं, हे कागदावर होतं. पण दिसत नाही हे ओळखायचं कसं? विचारलं तर कुणी कबूल करत नाही. म्हणून मास्तरांनी आपली रीत काढली. दिवस मावळला की ओट्यावर लिंबाची टोपली घेऊन बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला "झेला" म्हणून एक लिंबू टाकायचं. ज्यानं झेललं त्याचा ‘अ’ ठीक. त्यानं ते लिंबू घरी न्यावं, म्हणजे ‘क’सुद्धा पोटात गेलं. एका लिंबात दोन कामं होतात याचा त्यांना फार आनंद होता.

बाजाराच्या दिवशी ते लिंबं घ्यायला जात तेव्हा आमचा बागवान त्यांना विचारी, "मास्तर, खानेकू ले जाते क्या फेंकनेकू?"

"दोन्हीला."

"फिर नरम पडेले देऊं? सस्ते में."

"नरम झेलंल कोन?"

बागवान टोपली भरून देई आणि मागून मान हलवत राही. तो भला माणूस होता. संध्याकाळी आमच्या गल्लीतून जाताना तो दोन्ही हात मोकळे ठेवून जाई.

पण हाती न लागलेली लिंबं गडगडत पुढच्या तिठ्यावर जात. दिवेलागणीची वेळ, तिठा, आणि मधोमध लिंबू. आमच्याकडे त्याचा अर्थ लहान लेकरालाही समजतो. एका अवसेला तर तिथं पाच लिंबं जमली. वारंग्याकडे निघालेल्या तीन गाड्या तिठ्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. बैल पुढे जायला तयार होते, गाडीवान नव्हते. मास्तरांना कुणीतरी सांगितलं तेव्हा ते लगबगीनं गेले, पाचही लिंबं उचलली, एक कापलं आणि गाडीवानांसमोर चोखून दाखवलं. त्यानं तर गाडीवानांची खात्रीच पटली. ते गाड्या वळवून नदीकडच्या वाटेनं गेले. त्या दिवसापासून संध्याकाळच्या वेळी आमच्या गल्लीत वर्दळ कमी झाली, आणि मास्तरांचं नाव लिंबूमास्तर पडलं.

मी त्यांना हसत होतो. हे लिहिताना आता बरं वाटत नाही, पण हसत होतो.

लढाई ऐन भरात आली तेव्हा घासलेट मिळेनासं झालं. कंट्रोलवर मिळे ते आठवडाभर पुरवायचं. घरोघरी एकच चिमणी, तीही जेवणापुरती. अख्खं गाव संध्याकाळी चाचपडत चाले. ठेचा लागत, घागरी आपटत, कुणी कुणाच्या पायावर पाय देई, आणि सगळे सरकारला नावं ठेवत. त्या वर्षी माझी बायको पोटुशी होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. सहावा महिना सुरू होता.

ती संध्याकाळी चुकू लागली. भाकरी ताटात वाढायची ती ताटाशेजारी ठेवी. एकदा ताकाच्या गाडग्यात हात घातला. आई करवादली, "नीट बघ की माय." ती म्हणाली, "अंधार हाय." आईला ते पटलं. मलाही पटलं. अंधार होताच. त्या घासलेटानं आम्हा सगळ्यांना आंधळं केलं होतं, त्यात खरी आंधळी कोण हे पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि ती रोज दिवेलागणीला आडावर पाण्याला जात होती. आड मास्तरांच्या घराला लागून होता. त्याला कठडा नव्हता, नुसते चार दगड टाकलेले होते.

एका संध्याकाळी ती घागर कमरेवर घेऊन परतत होती. आई तिच्या मागं दहा पावलांवर. ओट्यावरून मास्तर म्हणाले, "सूनबाई, झेला," आणि लिंबू टाकलं. लिंबू घागरीला लागलं, तिच्या पायाशी पडलं, आणि ती त्याच्यावरून चालत पुढे गेली.

आईनं हे पाहिलं. पोटुशी सून, तिन्हीसांजेची वेळ, पायाखाली लिंबू. ती रस्त्यात मट्कन बसली. मग उठली आणि मास्तरांना म्हणाली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गल्लीतली दारं उघडली. "माझ्या घरावर करनी करून राहिला हा मानूस," ती सगळ्यांना सांगत होती. मास्तर हातात टोपली धरून उभे होते. ते तिच्याकडे पाहतच नव्हते. ते माझ्या बायकोकडे पाहत होते, आणि ती, लोक कुठं जमलेत ते न समजून, भलत्याच बाजूला तोंड करून उभी होती.

रात्री आईनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली आणि माझ्याकडून वचन घेतलं की त्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही. मी दिलं. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. करणीबिरणी मी मानत नव्हतो, पण पोटुशा बाईच्या अंगावर फळ फेकणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

सकाळी शाळेच्या वाटेवर मास्तर छत्रीखाली माझी वाट पाहत उभे होते.

"मी बोलनार न्हाई," मी म्हणालो.

"नका बोलू. ऐका. आजवर मी कितीतरी जनांवर लिंबू टाकलं. ज्याला झेलता येत न्हाई तोसुद्धा डोळे मिटतो. काहीतरी अंगावर येऊन राहिलं एवढं त्याला दिसतं." ते थांबले. "तुमच्या बायकोनं डोळे मिटले न्हाईत."

मी चालत राहिलो. ते मागून म्हणाले, "आडाला कठडा न्हाई."

त्या संध्याकाळी आई देवळात गेली होती. बायको चुलीपुढे बसून पीठ मळत माझ्याशी बोलत होती. चूल अजून पेटवलेली नव्हती. मी आवाज न करता उठलो आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. ती माझ्या आधीच्या जागेशीच बोलत राहिली, हसतसुद्धा होती. मी तिच्या तोंडापुढे हात नेला, अगदी पापणीजवळ. तिनं डोळे मिटले नाहीत. मी तो हात तसाच तिच्या खांद्यावर ठेवला आणि ती केवढी तरी दचकली.

"कधीपासून?" मी विचारलं.

पिठाची बोटं पुसत ती म्हणाली, "दोन महिने झाले."

"सांगितलं काहून नाही?"

"सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हनल्या पोटुशी बाईला होतंच. बाळंतपनानं जातं."

आई आली तेव्हा मी तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "होतं की. मला तिन्ही खेपेला झालं." तिच्या तीन खेपांतला मी एकटाच वाचलो होतो. हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी वर्गात मुलांना शहाणपण शिकवत होतो, आणि माझी बायको रोज चाचपडत विहिरीच्या कडेला जात होती.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मी भरू लागलो. गल्ली हसली. मास्तरांना मी मधल्या सुट्टीत गाठलं.

"शेवग्याचा पाला," ते म्हणाले. "रोज मूठभर, तेलात परतून. पिकलेली पपई."

"पपईचं नाव काढलं तर आई मला घराबाहेर काढील."

"मंग पाला. कलेजी सगळ्यात चांगली, पन तुमच्या घरापुरतं मी ते बोललो न्हाई असं समजा."

पण पाला तरी घरात कसा न्यायचा? शेवगा फक्त मास्तरांच्या अंगणात, आणि त्या अंगणातली काडीसुद्धा आईनं घरात येऊ दिली नसती.

"तुमच्या बायकोला डोहाळे काय लागलेत?"

"काही नाही. तिला काही मागायची सवय नाही."

"तिला लागू द्या," मास्तर म्हणाले.

त्या रात्री जेवताना माझ्या बायकोनं, मान खाली घालून, सासूला सांगितलं की तिला शेवग्याचा पाला खावासा वाटतोय. आईचा हात वाढता वाढता थांबला.

"पाला? अगं, लोक जिलबी मागत्यात."

"पालाच," बायको म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कशाला तरी अडून बसली होती.

आई पेचात पडली. पोटुशीचे डोहाळे मोडायचे नाहीत. मोडले तर लेकराच्या तोंडातून लाळ गळते, असं ती मानत होती, आणि हे मानणं करणी मानण्याइतकंच पक्कं होतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी टोपली घेऊन मास्तरांच्या अंगणात गेली, त्यांच्याकडे पाठ करून पाला खुडला, आणि एक शब्द न बोलता परत आली. मास्तर ओट्यावर बसून भिंतीकडे पाहत होते. पुढचा महिनाभर हे रोज चाललं. रोज सकाळी ती दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून असत, आणि मधे झाडाची फांदी हले. चौथ्या-पाचव्या दिवशी मास्तर भिंतीला उद्देशून म्हणाले, "तेल जास्त घालावं." आई झाडाला म्हणाली, "मला सैपाक शिकवू नये."

महिना भरला. एका संध्याकाळी आई सुनेचा हात धरून तिला मारुतीला घेऊन निघाली होती. ओट्यापुढून जाताना मास्तर काही न बोलता उठले, टोपलीतून एक लिंबू घेतलं आणि टाकलं. माझ्या बायकोनं आईच्या हातातला हात सोडवला आणि ते एका हातानं झेललं.

आई उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आनिक एक टाका," ती मास्तरांना म्हणाली. तेही झेललं गेलं. तिसरं मास्तरांनी आईच्याच अंगावर टाकलं. ते तिला झेलता आलं नाही, पदराला लागून खाली पडलं.

"तुमचे डोळे मिटले," मास्तर म्हणाले. "ठीक हाय."

मार्गशीर्षात मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. मी मास्तरांना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "आईची जीभ कशी हाय?"

पण त्या दोघांचं काही फार दिवस जमलं नाही. आई रोज सकाळी लेकराला करडईच्या तेलानं रगडायची आणि अंगणात कोवळ्या उन्हात गोधडीवर टाकायची. मास्तर शाळेला जाताना ते पाहत आणि त्यांचा जीव खालीवर होई. ते कुंपणातून आत येत, लेकरावर छत्री धरत आणि उभे राहत.

"सत्त्व उडून जाईल, आक्का."

"छत्री काढा. माझ्या नातीचं ऊन अडवू नका."

"वाळलेल्या पाल्याचं काय व्हतं ते छापून आलंय."

"लेकरू म्हंजे मेथी हाय व्हय?"

शाळेची घंटा होई तरी ते हलत नसत. आता त्यांचं त्यांनाच चालणं जड झालं होतं. मांड्या आणि कंबर दुखे. जमिनीवर बसले की उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, एकेक टप्पा घेत उठावं लागे. चालताना बदकासारखे हेलकावे घेत. मी म्हणालो, छत्रीची काठी करा, टेकत चला. ते म्हणाले, "मंग वरून ऊन लागंल." त्या वर्षी त्यांचा ‘ड’ राजगिऱ्यावर आला होता. उपयोग होत नव्हता. मला ते पाहवत नसे. ज्या माणसानं माझं घर वाचवलं तो माझ्या डोळ्यांदेखत वाकत चालला होता, आणि मी त्याला राजगिरा आणून देत होतो.

संक्रांतीच्या आधी घर आवरायला काढलं होतं. संध्याकाळ झाली होती, चिमणी अजून लावली नव्हती. बायको फडताळ रिकामं करत होती. लेकराच्या तेलाचं भांडं उचललं, त्याखालचा कागद काढला, झटकला, आणि ती तशीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "इथं हाडांचं काहीतरी लिहिलंय."

मी जवळ गेलो. कागद तेल पिऊन पिवळा, आरपार दिसेल असा झाला होता. मला त्या उजेडात एक अक्षर लागेना. तिनंच वाचून दाखवलं, दिव्याशिवाय, सावकाश, चौथीपर्यंत शिकलेल्या मुलीसारखं बोट ठेवून. पहिल्याच ओळीत होतं, ‘उन्हातून, अंगावर पडणाऱ्या उन्हातून’; हाडांचं ‘ड’ मुख्यतः तिथून मिळतं. आपल्याकडे ऊन मुबलक असल्यामुळे याविषयी जास्त लिहायचं कारण नाही, असं म्हणून लेखकानं लेख तिथंच संपवला होता. खाली केशतेलाची जाहिरात होती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं ओळखला.

"सकाळी मास्तरला बोलवा," ती म्हणाली. आणि त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी मास्तर आले. मी अंगणातच त्यांच्या हातात पान दिलं. एका हातानं छत्री सावरत त्यांनी ते वाचलं. परत वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं.

"हे कुठं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे आली. पदर डोक्यावरून नीट घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. पाठ करून नाही.

"माझ्या फडताळात," ती म्हणाली. "तुमी मागायला आलता तवा तिथंच व्हतं. परका मानूस माझ्या सैपाकघरात हुडकत बसंल म्हनून मी चुलीत गेला म्हनले. मी खोटं बोलले."

मास्तर कागदाकडे पाहत होते.

"तेलाखाली ठेवलं म्हनून टिकलं," ते म्हणाले. "न्हाई तर कसर लागली असती."

मग त्यांनी छत्री मिटायला घेतली. बाहेर असताना मिटायची तिला सवय नव्हती. एक काडी अडकली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. छत्री मिटली. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, शेरवानीची बटणं एकेक करून काढली. आतलं अंग इतकं पांढरं होतं की मी नजर वळवली. गुडघ्यांवर हात दाबत, टप्प्याटप्प्यानं ते खाली बसले, गोधडीच्या कडेला, माझ्या मुलीशेजारी. आईनं तेलाची वाटी आणली आणि लेकराच्या पुढ्यात ठेवायची ती त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"गुडघ्याला लावा," ती म्हणाली. "नुसतं ऊन घेऊन काय व्हतंय."

मास्तरांनी बोटं बुडवली. ऊन त्यांच्या तोंडावर होतं आणि त्यांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं ते तसेच, डोळे न उघडता म्हणाले,

"आक्का, किती वेळ बसायचं ते काही लिवलेलं न्हाई."

"लेकरू रडस्तोवर," आई म्हणाली.

त्या दिवशी लेकरू बराच वेळ रडलं नाही.